ऑसिलोस्कोपचे दुसरे टोक

विभव ही एकट्या बिंदूची गोष्ट नव्हे, ती दोन बिंदूंमधील फरकाची गोष्ट आहे, हे आपण शाळेत विद्युतधारेच्या पहिल्याच पाठात सांगतो. व्होल्टमीटरला दोन अग्रे असतात ती यासाठीच. मंडलातील कोणतेही दोन बिंदू घ्यावेत, त्यांना ही अग्रे जोडावीत आणि विभवांतर वाचावे. पुढे हाच विद्यार्थी पदविकेच्या किंवा पदवीच्या प्रयोगशाळेत जातो आणि त्याच्यासमोर सीआरओ म्हणजे ऑसिलोस्कोप येतो. त्याच्या प्रोबलाही दोन टोके दिसतात. एक टोकदार, आणि दुसरी लहान वायरच्या शेवटी असलेली मगरक्लिप. ही दोन टोकेही व्होल्टमीटरसारखीच कोणत्याही दोन बिंदूंना लावता येत असतील, असे त्याला वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

पण ही समजूत चुकीची आहे आणि प्रसंगी जिवावर बेतू शकते. मगरक्लिप ही स्वतंत्र अशी जोडणी नाही. ती प्रोबच्या केबलच्या बाहेरच्या जाळीतून ऑसिलोस्कोपच्या धातूच्या पेटीला, तिथून तीन पिनांच्या प्लगमधल्या मोठ्या पिनेला आणि शेवटी इमारतीच्या अर्थिंगला जोडलेली असते. म्हणजे एक टोक आधीच जमिनीत पुरलेले आहे. ते आपण जिथे लावू तो बिंदू जमिनीला जोडला जातो, मग मंडलाला ते मानवो वा न मानवो.

मोजणाऱ्या उपकरणाचे एक टोक असे जखडले कधी गेले, ते का जखडावे लागले, आणि जमिनीपासून सुटे राहणारे संदेश मोजण्यासाठी पुढे कोणकोणत्या युक्त्या निघाल्या, हा इतिहास उद्बोधक आहे. ऑसिलोस्कोप कसा वापरावा आणि कसा वापरू नये, हेही त्यातून आपोआप समजते.

दोन्ही टोके मोकळी असताना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, वापरात आला आणि अभियंत्यांपुढे नवीच अडचण उभी राहिली. सेकंदाला पन्नास-साठ आवर्तने करणाऱ्या प्रवाहाचा आकार डोळ्यांनी कसा पाहायचा? गॅल्व्हॅनोमीटरचा काटा जड. तो इतक्या वेगाने हलू शकत नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे ब्लाँदेल यांनी १८९३ मध्ये अतिशय हलका फिरता भाग असलेल्या उपकरणाची कल्पना मांडली आणि त्याला ऑसिलोग्राफ हे नाव दिले. इंग्लंडमध्ये विल्यम डडेल यांनी १८९७ च्या सुमारास ही कल्पना वापरण्याजोग्या स्वरूपात आणली. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून बसवलेली धातूच्या पातळ पट्टीची अरुंद घडी आणि तिच्यावर चिकटवलेला इवलासा आरसा, असे त्याचे रूप होते. घडीतून प्रवाह गेला की आरसा किंचित वळे आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका सरकत्या छायाचित्रण-पट्टीवर लाटेचा आकार काढी.

त्याच वर्षी, १८९७ मध्ये, स्ट्रासबर्ग येथे कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी ऋण किरण नलिका तयार केली. येथे हलणारा भाग म्हणजे खुद्द इलेक्ट्रॉनांचा झोत. त्याला वजन जवळजवळ नाहीच, त्यामुळे तो वाटेल तितक्या वेगाने वळू शकतो. ब्राउन यांचे सहकारी जोनाथन झेनेक यांनी १८९९ मध्ये हा झोत काळाच्या अक्षावरही सरकवण्याची सोय केली. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर आडवा अक्ष काळाचा आणि उभा अक्ष विभवाचा, ही मांडणी तेव्हापासूनची आहे. ब्राउन यांना १९०९ मध्ये मार्कोनी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र बिनतारी संदेशवहनातील कामासाठी.

आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याची गोष्ट निराळीच आहे. डडेल यांच्या घडीला दोन टोके होती आणि दोन्ही मोकळी होती. ऋण किरण नलिकेत झोत वळवणाऱ्या पट्ट्याही जोडीने बसवलेल्या असत. पुरेसे विसंवाहन ठेवले की ही उपकरणे कोणत्याही दोन बिंदूंमध्ये जोडता येत. व्होल्टमीटरचा नियम त्यांनाही लागू होता.

विवर्धक आला आणि टोक बांधले गेले

ही मोकळीक गेली ती संवेदनक्षमता वाढवताना. पडद्यावरील ठिपका एखादा सेंटिमीटर हलवायचा तर पट्ट्यांवर काही दशक व्होल्ट लागतात. पण मोजायचे संदेश अनेकदा मिलिव्होल्टमध्ये असतात. तेव्हा संदेश आधी मोठा केला पाहिजे, म्हणजेच मध्ये विवर्धक, अर्थात ॲम्प्लिफायर, हवा. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी तीन अग्रांची निर्वात नलिका शोधल्यावर तो मिळाला. ही नलिका तिच्या जाळी आणि ऋणाग्र यांच्यातील विभवांतर मोठे करते. सोय म्हणून सर्व नलिकांची ऋणाग्रे उपकरणाच्या धातूच्या सांगाड्याशी संबंधित ठेवण्याची पद्धत पडली. अशा रीतीने संदेशाचे एक टोक जाळीवर गेले आणि दुसरे सांगाड्यावर.

आता सांगाडा जमिनीला का जोडायचा? वापरणाऱ्याच्या जिवासाठी. ऑसिलोस्कोपच्या पोटात झोताला वेग देण्यासाठी एक हजारापासून कित्येक हजार व्होल्टपर्यंत दाब असतो. आतील एखादे विसंवाहन फाटले आणि हा दाब किंवा घरगुती पुरवठ्याचा फेज पेटीवर आला, तर पेटीला हात लावणारा मरेल. पेटी अर्थिंगला जोडलेली असेल तर मोठा प्रवाह जमिनीकडे जातो, फ्यूज वितळतो आणि माणूस वाचतो. ही अर्थिंगची तार उपकरणाच्या नव्हे, माणसाच्या संरक्षणासाठी आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढील सारे विवेचन याच वाक्यावर उभे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, अमेरिकेतील ऑरेगन राज्यात हॉवर्ड व्होलम, जॅक मर्डॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली. तिचा ‘५११’ हा ऑसिलोस्कोप १९४७ मध्ये आला. संदेश ठरावीक पातळीला पोचला की मगच रेघ सुरू करणारी ‘ट्रिगर’ची सोय त्यात होती, त्यामुळे चित्र पडद्यावर स्थिर उभे राही. पुढील काळात असे ऑसिलोस्कोप जगभरच्या प्रयोगशाळांत पोचले, आणि त्यांच्याबरोबर जमिनीला बांधलेली ती क्लिपही.

मेंदूच्या लहरींनी दाखवलेली वाट

बांधलेल्या टोकाची अडचण विद्युत अभियंत्यांइतकीच शरीरक्रियाशास्त्रज्ञांनाही जाणवली, आणि तीही तीव्रपणे. जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरींची नोंद केली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. डोक्याच्या त्वचेवरील दोन जागांमधील हे विभवांतर जेमतेम काही दशक मायक्रोव्होल्ट असते. याउलट खोलीतील वीजतारांमुळे सबंध शरीरावर येणारा ५० हर्ट्झचा गुणगुणाट त्याच्या कित्येक पट मोठा. शिवाय डोक्यावरील दोन वेगवेगळ्या जोड्यांची नोंद एकाच वेळी घ्यायची, तर साध्या विवर्धकांत दोन्ही जोड्यांचे एकेक टोक सांगाड्याला, म्हणजे पर्यायाने एकमेकांना, जोडले जाणार. मग कशाची नोंद कुठली हेच कळेनासे होणार.

केंब्रिजमध्ये एडगर ॲड्रियन यांच्याबरोबर काम करणाऱ्या ब्रायन मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये यावर उपाय म्हणून खास विवर्धक बनवला. त्याला संदेश घेणारी दोन टोके होती आणि त्यांपैकी एकही जमिनीला बांधलेले नव्हते. दोन्ही टोकांवर जे समान असेल ते त्याने सोडून द्यायचे आणि जो फरक असेल तेवढाच मोठा करायचा. शरीरावरचा गुणगुणाट दोन्ही जागी सारखाच, म्हणून तो वजा होतो. मेंदूची लहर दोन जागी वेगळी, म्हणून ती उरते. ॲड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ मध्येच बर्गर यांच्या लहरी खऱ्या असल्याचे सिद्ध केले आणि शंकेखोरांची तोंडे बंद झाली.

जवळपास त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन यांनी लांबलचक केबलमधून येणारा दूरचित्रवाणीचा संदेश गोंगाटापासून वेगळा काढण्याच्या गरजेतून तसेच मंडल शोधले. त्याचे पेटंट १९३६ चे आहे. त्यात दोन नलिकांची ऋणाग्रे एकत्र करून त्यांच्याखाली एकच मोठा रोध ठेवलेला असतो. दोन्ही जाळ्यांचे विभव एकदम वर गेले तरी या रोधातील एकूण प्रवाह फारसा बदलत नाही, म्हणून बाहेर काहीच दिसत नाही. एकीचे विभव वाढून दुसरीचे घटले, तर मात्र प्रवाह एका नलिकेतून दुसरीत सरकतो आणि फरक उमटतो. यान टोनीस आणि ओटो श्मिट यांनीही १९३० च्या दशकातच या प्रकारच्या विवर्धकांवर काम केले. हाच तो भेददर्शक, म्हणजे डिफरन्शियल, विवर्धक. ऑसिलोस्कोपने गमावलेले दुसरे टोक अशा रीतीने परत मिळाले. ‘५११’ बाजारात येण्याआधीच ही युक्ती माहीत होती, आणि १९५० च्या दशकात ऑसिलोस्कोपमध्ये खोचता येणारे असे विवर्धक मिळूही लागले. पण ते महाग. रोजच्या टेबलावरचा ऑसिलोस्कोप एका बांधलेल्या टोकाचाच राहिला.

लिफ्टमधल्या माणसाची उंची

या बांधलेल्या टोकाचा धोका वाढला तो शक्ती-इलेक्ट्रॉनिकीच्या उदयानंतर. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५७ मध्ये थायरिस्टर तयार झाला. त्याच कंपनीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जयंत बालिगा यांनी आयजीबीटी हा स्विच विकसित केला. बालिगा मूळचे भारतीय, १९६९ मध्ये मद्रास आयआयटीतून पदवी घेऊन बाहेर पडलेले. आज इन्व्हर्टर, मोटारीची गती बदलणारे ड्राइव्ह, इंडक्शन शेगडी, सौर इन्व्हर्टर अशा अनेक ठिकाणी आयजीबीटी किंवा मॉस्फेट जातीचे स्विच असतात.

अशा मंडलात बहुधा दोन स्विच एकावर एक जोडलेले असतात. आपला २३० व्होल्टचा पुरवठा एकदिश केला की त्याचे शिखरमूल्य २३० × १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट मिळते. खालचा स्विच या पुरवठ्याच्या ऋण बाजूला, वरचा धन बाजूला, आणि दोघांच्या मधल्या बिंदूवरून भाराला वीज जाते. दोन्ही स्विच आळीपाळीने चालू-बंद होतात, म्हणून मधला बिंदू सेकंदाला हजारो वेळा ० ते ३२५ व्होल्ट असा उड्या मारतो. वरच्या स्विचला चालू होण्यासाठी लागणारा सुमारे १५ व्होल्टचा संदेश मोजला जातो तो या उड्या मारणाऱ्या बिंदूपासून, जमिनीपासून नव्हे. यालाच वरच्या बाजूचा तरंगता संदेश म्हणतात.

विद्यार्थ्यांना हे लिफ्टच्या उदाहरणाने सांगता येईल. लिफ्टमध्ये एक माणूस उभा आहे आणि लिफ्ट सतत वर-खाली करते आहे. आपल्याला त्याची उंची लिफ्टच्या तळापासून मोजायची आहे. पण आपल्या टेपचे एक टोक तळमजल्याच्या फरशीला खिळ्याने ठोकलेले आहे! ते टोक ओढून लिफ्टच्या तळाला बांधले, तर एक तर लिफ्ट अडेल नाहीतर टेप तुटेल.

मंडलात नेमके हेच होते. क्लिप मधल्या बिंदूला लावली की फेजकडून एकदिशकारक, चालू स्विच, क्लिप आणि अर्थिंग असा सरळ मार्ग तयार होतो, कारण पुरवठ्याचा न्यूट्रल रोहित्रापाशी जमिनीला जोडलेलाच असतो. मोठा प्रवाह वाहून स्विच फुटतो, प्रोबची वायर जळते, कधी ऑसिलोस्कोपच्या आतील तांब्याच्या रेघाही उडतात. खालचे टोक म्हणजे ऋण बाजू तरी सुरक्षित असेल, असे कोणी म्हणेल. तेही नाही. एकदिशकारकामुळे ती बाजू जवळजवळ अर्धा वेळ फेजला जोडलेली असते, म्हणून तिथेही क्लिप लावता येत नाही.

कापलेली पिन

या अडचणीवर कामगारांनी आणि अभियंत्यांनीही एक ‘सोपा’ उपाय काढला. ऑसिलोस्कोपच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकायची, किंवा दोन पिनांचा जोड लावायचा. मग क्लिप कुठेही लावता येते, ठिणगी पडत नाही आणि पडद्यावर चित्रही दिसते. उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिकांनी वारंवार इशारे देऊनही ही प्रथा जगभर टिकून राहिली, याचे कारण हेच, की वरवर पाहता ती यशस्वी होते.

पण आता काय झाले ते पाहू. क्लिप पेटीला जोडलेली, आणि पेटी जमिनीपासून तुटलेली. म्हणजे क्लिप ज्या बिंदूला लावली त्याचेच विभव सबंध पेटीवर, स्क्रूंवर आणि जोडणीच्या धातूच्या कड्यांवर आले. पेटीवर हात आणि शेजारच्या अर्थिंग केलेल्या टेबलावर दुसरा हात, असे झाले तर? घरगुती दाबाला शरीराचा रोध साधारण १००० ते २००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला ११५ ते २३० मिलिॲम्पिअर प्रवाह शरीरातून जाईल. घरातील गळती-संरक्षक स्विच ३० मिलिॲम्पिअरलाच वीज तोडतो, यावरून हा आकडा किती मोठा आहे ते कळेल. आणि नेमका जिवासाठी ठेवलेला अर्थिंगचा मार्ग आपणच काढून टाकलेला आहे.

शिवाय मोजमापही खोटे ठरते. पेटी आणि आसपासची जमीन मिळून एक धारित्र बनते. त्याची धारिता १०० पिकोफॅरड धरू. मधला बिंदू ५० नॅनोसेकंदांत ३२५ व्होल्ट चढतो असे मानले, तर तेवढा वेळ धारिता × विभवातील बदलाचा वेग, म्हणजे सुमारे ०.६५ ॲम्पिअर प्रवाह पेटीकडे वाहील. हा प्रवाह मूळ मंडलात नव्हताच. पडद्यावर मग जी वळवळ दिसते, ती मंडलाची आहे की पेटीची, हे सांगता येत नाही. पिन कापणारा धोका पत्करतो, आणि बदल्यात त्याला विश्वासार्ह उत्तरही मिळत नाही.

सुरक्षित वाटा

पहिली वाट वजाबाकीची. ऑसिलोस्कोपची अर्थिंग तशीच ठेवायची आणि दोन्ही क्लिपा मंडलापासून दूर ठेवायच्या. पुरेशा दाबाचे दोन प्रोब घेऊन एक टोक वरच्या बिंदूला, दुसरे मधल्या बिंदूला लावायचे, आणि दुसऱ्या वाहिनीचा संदेश उलटा करून पहिल्यात मिळवायचा. जमिनीपासून माणसाच्या डोक्यापर्यंत आणि जमिनीपासून लिफ्टच्या तळापर्यंत अशी दोन मापे घेऊन वजा करावीत, तसेच हे. ही वाट सुरक्षित आहे, पण ढोबळ आहे. दोन प्रोबांमध्ये अवघ्या १ टक्क्याचा फरक असला, तरी ३२५ व्होल्टवर ३.२५ व्होल्टची चूक येते, आणि मोजायचे आहेत १५ व्होल्ट!

दुसरी वाट भेददर्शक प्रोबची. मॅथ्यूज आणि ब्लुमलाइन यांचीच युक्ती येथे उच्च दाबासाठी वापरलेली असते. दोन्ही टोकांना काटेकोरपणे जुळवलेले मोठे रोध असतात आणि वजाबाकी प्रोबमध्येच होते. ऑसिलोस्कोप अर्थिंगवरच राहतो. मात्र वारंवारता वाढत जाते तशी ही जुळणी बिघडत जाते.

तिसरी वाट विलगीकरणाची. दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणारे जाणते कारागीर संचच विलगक रोहित्रावर, म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर, चालवत. विलग करायचे ते तपासण्याचे यंत्र, ऑसिलोस्कोप नव्हे, हे त्यातील सूत्र. ही वाटही मर्यादित आहे. क्लिप लावलेला एक बिंदू जमिनीला जोडला जातोच, दोन वाहिन्यांच्या क्लिपा दोन निरनिराळ्या बिंदूंना लावता येत नाहीत, आणि गळती-संरक्षक स्विच अशा मंडलात संरक्षण देत नाही. पुढे १९९० च्या दशकात बॅटरीवर चालणारे, विसंवाहक आवरणाचे हातातले ऑसिलोस्कोप आले. त्यांतील काहींमध्ये प्रत्येक वाहिनी दुसरीपासून आणि जमिनीपासून विलग असते. मात्र साध्या ऑसिलोस्कोपला बॅटरी लावली म्हणजे तो असा होत नाही. विसंवाहन मुळातच त्यासाठी केलेले असावे लागते. याच सुमारास, १९९० मध्ये, मोजमाप उपकरणांच्या सुरक्षिततेचे १०१० क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. आज ते ६१०१० या क्रमांकाने ओळखले जाते. उपकरणावर छापलेले ‘कॅट २’, ‘कॅट ३’ हे शब्द त्याच परंपरेतले आहेत, आणि ते पाहूनच उपकरण निवडावे.

चौथी वाट प्रकाशाची. टेक्ट्रॉनिक्सने २०१६ मध्ये आणलेल्या प्रोबमध्ये संदेशाजवळचे डोके आणि ऑसिलोस्कोप यांच्यात धातूची तारच नाही. डोक्याला लागणारी ऊर्जा लेसरच्या प्रकाशाने तंतूतून जाते आणि संदेशही प्रकाशरूपानेच परत येतो. सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइडचे अतिवेगवान स्विच तपासताना अशा प्रोबची गरज पडू लागली. लिफ्टच्या उदाहरणात सांगायचे तर आता मोजणाराच लिफ्टमध्ये शिरला आणि उत्तर तेवढे बाहेर कळवू लागला.

वर्गात करून पाहण्याजोगे

हे सारे ९ व्होल्टच्या बॅटरीवर निर्धोकपणे दाखवता येते. १००० ओहमचे तीन समान रोध एकसरीत जोडून बॅटरीला लावावेत. खालून वर अ, ब, क, ड असे चार बिंदू मिळतील आणि प्रत्येक रोधावर ३ व्होल्ट असतील. आता पहिल्या वाहिनीची क्लिप ‘अ’ला व टोक ‘ब’ला, आणि दुसऱ्या वाहिनीची क्लिप ‘क’ला व टोक ‘ड’ला लावावे. दोन्हीकडे ३ व्होल्ट दिसावेत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पहिली वाहिनी ० आणि दुसरी ९ व्होल्ट दाखवते! दोन्ही क्लिपा आतून एकच असल्यामुळे ‘अ’ आणि ‘क’ जोडले गेले आणि खालचे दोन रोध बाद झाले. मग दोन्ही क्लिपा ‘अ’ला लावाव्यात, टोके ‘ड’ आणि ‘क’ला लावून वजाबाकी करावी, म्हणजे बरोबर ३ व्होल्ट मिळतील. ऑसिलोस्कोपचा प्लग काढून, क्लिप आणि प्लगची मोठी पिन यांच्यातील रोध ओहममीटरने मोजावा. तो जवळजवळ शून्य आला की मुद्दा आपोआप पटतो. घरगुती पुरवठ्याच्या मंडलावर मात्र हा प्रयोग कधीही करू नये.

आपले विद्यार्थी उद्या इन्व्हर्टर दुरुस्त करतील, वाहनांचे चार्जर तपासतील, सौर यंत्रणा बसवतील. पिन कापण्याची युक्ती त्यांना कुणीतरी नक्की दाखवील. ती पिन कशासाठी आहे आणि तिला हात न लावता मोजण्याच्या वाटा कोणत्या, हे त्याआधी त्यांना आपल्याकडून कळलेले असावे.